सूर कुणाचा उतरला

आईच्या साठाव्या वाढदिवसाला मावशी येणार, ही बातमी घरात सर्वांत आधी कळली ती आजोबांना. पत्र त्यांच्याच नावानं आलं होतं. आजोबांना ऐकू येत नाही, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे ते कधीच विसरून गेले आहेत. जिन्याच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी ती गुप्त बातमी थेट खालच्या लॉन्ड्रीपर्यंत पोचवली.

"थोरली येतेय. रविवारी. धाकटीला सांगू नका म्हणाली आहे."

खाली बाबांच्या हातातली इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या कॉलरवर थांबली आणि थांबूनच राहिली. त्या गिऱ्हाइकाला पुढं बाबांनी स्वतःचा शर्ट दिला. वर स्वयंपाकघरात आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी काही ऐकलेलं नाही." मग तिनं पुढच्या खोलीचे पडदे धुवायला काढले.

अकरा वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. अगदीच नाही असं नाही. मध्ये एकदा एका दुकानात दोघींनी एकाच छत्रीला हात घातला, तेव्हा "घ्या" आणि "नको, तुम्हीच घ्या" एवढं झालं होतं. सख्ख्या बहिणी, आणि तुम्ही. आई घरी येऊन दोन दिवस तो 'तुम्ही' चघळत बसली होती.

थिएटरात आई ऑर्गन वाजवायची आणि मावशी व्हायोलिन. बावीस वर्षं रोज संध्याकाळी. मग एका नव्या खेळाच्या पहिल्याच दिवशी, शेवटच्या प्रवेशात, दोघींचे सूर फाटले. भरल्या थिएटरात लोक हसले. आई म्हणाली, ताईचा सूर चढला. मावशी म्हणाली, तुझा उतरला. आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "विजेचा ऑर्गन बेसूर कसा होईल? आतल्या चकत्या मोटरवर फिरतात. मी पट्टी दाबते, सूर तो देतो." ते सगळ्यांना पटलं. मालकानं मावशीला आठवडाभर घरी बसायला सांगितलं. ती उठली ती कायमची उठली. त्यानंतर ती चार भिंतींबाहेर वाजवताना कुणाला दिसली नाही.

आता थिएटर पाडायला घेतलं होतं. मालकानं जाता जाता ऑर्गन आईला देऊन टाकला. चार माणसांनी तो जिन्यावरून वर चढवला, पुढच्या खोलीत ठेवला, आणि तिथं तो तीन महिने मुका बसून होता. कारण या गल्लीत वीज अजून जुनी होती, एकाच दिशेनं वाहणारी. डीसी. ऑर्गनला हवी एसी, म्हणजे ये-जा करणारी. डीसीवर तो लावला असता तर सुराऐवजी धूर आला असता.

"मी करते," ठिणगी म्हणाली होती.

ठिणगी म्हणजे घरातली धाकटी मुलगी. वय बत्तीस, ट्राम कंपनीच्या वीजघरात नोकरी. नववं वर्ष लागलं त्या दिवशी तिनं अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला, तेव्हापासून हे नाव.

*

रविवारी तीन वाजता ठिणगी पुढच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर एका फळीवर दोन काचेच्या नळ्या, प्रत्येकी मनगटाएवढ्या जाड. तळाशी पाऱ्याचे बारीक थेंब. नळ्यांशेजारी ट्रान्सफॉर्मर, मागं एक काळी पेटी, आणि टेबलाखाली नळ्या तापवायला बॅटऱ्या.

"या अजून पेटल्या नाहीत," आई म्हणाली. ती नव्या साडीत खुर्चीच्या टोकावर बसून जिन्याकडे कान देत होती आणि तसं करत नसल्याचं दाखवत होती.

"आधी तापू देत. पारा नीट तापायच्या आत घाई केली तर मरतात."

"आणि मग काय करतात?"

"आळीपाळीनं वीज सोडतात. ही डावी सोडते तेव्हा ट्रान्सफॉर्मरमधून वीज इकडून जाते, उजवी सोडते तेव्हा तिकडून. सेकंदाला पन्नास फेऱ्या. त्या मोजते ही मागची काळी पेटी. म्हणजे आत गेली सरळ, बाहेर आली ये-जा करत. वीजघरात आम्ही याच्या उलटं करतो. एसी घेतो, डीसी देतो. मी म्हटलं, जे एका बाजूनं होतं ते दुसऱ्या बाजूनं का नाही?"

"वळणावर गेली आहेस तुझ्या..." आई म्हणाली. कुणाच्या ते तिनं सांगितलं नाही.

"यात एकच गोम आहे. यातली एखादी नळी एकदा पेटली की स्वतःहून गप्प होत नाही. कितीही दटावा. दुसरी सुरू झाली की तिच्या धक्क्यानं पहिली विझते. तो धक्का पोचवायला मध्ये हा कंडेन्सर."

"आणि दुसरीच्या धक्क्यानं पहिली विझली नाही तर?"

"मग दोघी एकदम पेटतात. आणि फ्यूज जातो."

आईनं वाकून आधी एका नळीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "म्हणजे आमच्याच दोघींसारख्या की," ती म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता ती एकदम थांबली, कारण जिन्यावर पावलं वाजली होती.

पण तो फिरकीमामा निघाला. आई आणि मावशीचा धाकटा भाऊ. मोटरींचं वाइंडिंग करणारा, म्हणजे त्यांत तार गुंडाळणारा. फिरकी हे नाव त्याला धंद्यामुळे मिळालं की गप्पांमुळे, यावर घरात दोन मतं होती. त्याच्यामागून दोन हमाल एक काळं लोखंडी धूड वर आणत होते.

"मामा," ठिणगी म्हणाली, "हा रेडा घेऊन कशाला आलास?"

"राहू दे कोपऱ्यात. खात नाही काही."

रेडा म्हणजे मोटर आणि जनरेटर एकाच दांड्यावर. मोटर डीसीवर फिरते, तिच्याबरोबर जनरेटर फिरतो आणि एसी देतो. थिएटरात ऑर्गन पहिल्यापासून याच रेड्यावर चालला होता. मामानंच तो तेव्हा बांधला होता आणि आता पाडापाडीतून सोडवूनही त्यानंच आणला होता.

"तीन महिने खपलोय याच्यावर," तो म्हणाला. "सगळी तार नवी. आधीपेक्षा दुप्पट जाड. आता याचा वेग हलायचा नाही."

"म्हणजे आधी हलत होता?" ठिणगीनं सहज विचारलं.

मामाला अचानक हमालांना पाणी द्यायचं आठवलं.

*

मावशी जिन्याच्या मधल्या वळणावर उभी होती. ती तिथं दहा मिनिटं उभी होती. तिच्या हातात व्हायोलिनची पेटी होती आणि ती का आणली याची सबब तिनं घरातून निघतानाच तयार ठेवली होती. पेटी दुरुस्तीला द्यायची आहे, दुकान याच वाटेवर आहे. पण आज रविवार आहे आणि दुकान बंद असणार, हे तिला या वळणावर आल्यावर सुचलं, आणि आता दुसरी सबब सापडेपर्यंत वर जाता येईना.

खालून बाबा आले. हातात चहाचा ट्रे.

"गिऱ्हाईक नाही, टपालवाला नाही, पोलीस नाही," ते म्हणाले. "कोण उभं आहे इथं?"

"मी ऑर्गन बघायला आले आहे. माणसं बघायला नाही."

"बरं. माणसांना डोळे मिटायला सांगतो."

मावशीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. या माणसावर तिला कधी रागावता आलं नव्हतं. सगळा राग खर्च व्हायला एकच जागा होती आणि ती आता दहा पायऱ्यांवर होती.

खोलीत शिरताच दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी एकाच वेळी आजोबांकडे तोंड वळवलं.

"अप्पा," आई म्हणाली, "त्यांना सांगा, बसा म्हणावं."

"अप्पा," मावशी म्हणाली, "सांगा, मी उभीच बरी आहे."

आजोबांनी कानामागं हात नेला. "कोण बहिरी आहे?"

"उभीच बरी आहे," मावशी ओरडली.

"ती म्हणतेय तू बहिरी आहेस," आजोबांनी आईला सांगितलं.

"म्हणणारच," आई म्हणाली. "अकरा वर्षं तेच म्हणतेय."

ठिणगीनं पटकन हात वर केला. "चला, आता सगळ्यांनी मागं सरका. नळ्या तापल्या आहेत. बाबा, इस्त्र्या बंद आहेत ना खाली?"

"सकाळपासून. आठही. उद्या हॉटेलचे चाळीस टेबलक्लॉथ द्यायचेत आणि मी इथं चहा देत फिरतोय."

ठिणगीनं खटका ओढला. दोन्ही नळ्यांच्या पोटात निळंजांभळं चांदणं उतरलं. ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणायला लागला. मावशी नकळत एक पाऊल पुढं आली. आजोबा म्हणाले, "अरे वा, मासे आहेत."

"आता ऑर्गन," ठिणगी म्हणाली आणि तिनं ऑर्गनचं बटण दाबलं.

एका नळीतलं चांदणं भडकलं. लगेच दुसरीतलंही. दोन्ही एकदम, विझायचं नाव नाही. कोपऱ्यातल्या फ्यूजच्या पेटीत फाट्कन आवाज झाला आणि छताचा पंखा हळूहळू थांबला.

आईनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता यातली आधी कोण गप्प बसायला हवी होती?"

मावशीला खोकला आला. तो खोकला नव्हता.

*

मामासाठी ही वेळ चालून आली होती. बाबांनी नवा फ्यूज घालेपर्यंत त्यानं रेड्याची वायर जोडलीसुद्धा. ठिणगी फरशीवर बसून कागदावर काहीतरी मांडत होती. वीजघरात तिनं नळ्या फक्त दिव्यांवर तपासल्या होत्या. सुरू होताना ऑर्गनची मोटर तिप्पट ओढते, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिचे कान लाल झाले होते.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मामा म्हणाला. "काच ती काच. लोखंड ते लोखंड."

रेडा घुरघुरला, वेग धरला, आणि फरशी पायाखाली थरथरायला लागली. ऑर्गनच्या चकत्या फिरल्या. आई खुर्चीवरून उठून ऑर्गनपाशी बसली. तिनं साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि तीन महिने मुक्या राहिलेल्या त्या लाकडातून एक लांब, भरलेला सूर बाहेर पडला.

आजोबांनी तळहात ऑर्गनवर ठेवला. "चालू झाला," त्यांनी जाहीर केलं.

मामाचा चेहरा फुलला. तीन महिने तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून या एका सुरासाठी तार गुंडाळत होता, आणि का गुंडाळत होता हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता हे यंत्र एकदा सगळ्यांसमोर धडधडीत चाललं की ती गोष्ट आपोआप मिटेल, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. आनंदाच्या भरात त्याला भान राहिलं नाही.

"भावोजी," तो बाबांना म्हणाला, "जा. तुमच्या इस्त्र्या लावा. आठही लावा. टेबलक्लॉथांचा रोलरही लावा. हा केसभर हलला तर मिशी उतरवीन."

बाबांना तेवढंच हवं होतं. चाळीस टेबलक्लॉथ त्यांच्या मानेवर बसले होते. ते दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

वर आई वाजवत होती. जुनीच एक चाल, थिएटरातली. मावशी खिडकीपाशी पाठ करून उभी होती, पण तिची डावी बोटं पेटीच्या कडीवर त्याच चालीनं हलत होती.

आणि मग सूर बसला.

उसासा सोडून कुणी खुर्चीत बसावं तसा तो खाली आला. सगळाच्या सगळा ऑर्गन, एकसारखा. आईची बोटं योग्य पट्ट्यांवर होती आणि बाहेर येणारी चाल मात्र भलत्याच ठिकाणी पोचली होती. रेड्याची घुरघुरही जड झाली होती.

आईनं हात उचलले. पुन्हा ठेवले. पुन्हा तोच खाली बसलेला सूर.

मावशी हळूच वळली.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "शेवटच्या प्रवेशात मागचा पडदा उघडला होता. आणि सगळे दिवे एकदम लागले होते."

ठिणगीनं कागदावरून मान वर केली.

"मावशी, एक मिनिट." ती जिन्याकडे धावली. "बाबा, इस्त्र्या बंद करा."

"अजून तापल्यासुद्धा नाहीत."

"बंद करा."

रेडा हलका झाला. सूर उठून उभा राहिला.

"आता लावा."

सूर बसला.

"बंद."

उठला.

"अगं, मला काय कवायत लावलीय," बाबा खालून ओरडले, पण लावत आणि बंद करत राहिले. प्रत्येक वेळी ऑर्गन एखाद्या लठ्ठ माणसासारखा खाली बसायचा आणि कण्हत उठायचा. मावशीनं पेटी उघडली. व्हायोलिन काढलं, हनुवटीखाली धरलं, आणि एकच सूर सरळ रेषेसारखा धरून ठेवला. ऑर्गन त्याच्याखाली गेला, त्याच्याशी भिडला, पुन्हा खाली गेला. अकरा वर्षांपूर्वी भरलेल्या थिएटरात जे कुणालाच कळलं नव्हतं, ते आता रविवारच्या उजेडात, चहाच्या कपांमध्ये, लहान पोराला कळेल इतकं स्वच्छ ऐकू येत होतं.

"वीज ओढली गेली की व्होल्टेज पडतं," ठिणगी म्हणाली. "व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते. मोटर मंदावली की जनरेटरच्या फेऱ्या कमी. ऑर्गनच्या चकत्या त्याच फेऱ्यांवर फिरतात. तार कितीही जाड घाला, मामा. दोष तारेत नव्हताच."

आईनं ऑर्गनच्या कडेला दोन्ही हात टेकले.

"विजेचा ऑर्गन," ती म्हणाली, "बेसूर होऊ शकतो."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"नाही. तुझ्या लेखी मी बहिरी ना. पुन्हा म्हण."

"बहिरी मी. तू नव्हतीस." आईचा आवाज फाटला. "बेसूर होऊ शकतो, ताई. झाला होता. मी झाले होते. तुझा सूर बरोबर होता."

"तिसऱ्यांदा."

"बरोबर होता."

मावशी खाली बसली, तिथंच, फरशीवर, व्हायोलिन मांडीवर घेऊन. तिचे खांदे हलायला लागले. आई घाबरून उठली आणि तिच्याजवळ गेली, तेव्हा कळलं की ती हसते आहे. आवाज न करता, तोंडाला हात लावून. "टेबलक्लॉथ," ती कशीबशी म्हणाली. "अकरा वर्षं, आणि शेवटी टेबलक्लॉथ." मग आईही तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर कलंडून हसायला लागल्या. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू व्हायचं. आजोबांनी विचारलं काय झालं. ठिणगीनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "हे मला तेव्हाच विचारायचं. थिएटरातही माझ्या हाताला लाकूड मंद लागलं होतं." तुम्ही बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं. "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना ऐकू येतं," ते म्हणाले.

या सगळ्या हसण्यात एकटा मामा हसत नव्हता. तो रेड्याशेजारी उभा होता आणि रेडा बंद करायचंही त्याला सुचत नव्हतं.

मावशीचं लक्ष आधी गेलं.

"फिरक्या," ती म्हणाली. "तू तार जाड का घातलीस?"

"जुनी झाली होती."

"दुप्पट जाड का?"

मामानं शेवटी खटका बंद केला. फरशी थरथरायची थांबली आणि खोली फार मोठी वाटायला लागली.

"मी त्या दिवशी खाली तळघरात होतो," तो म्हणाला. "याच्यापाशी. दिवे लागले तेव्हा हा मंदावलेला मी बघितला. वर काय झालं ते मला माहीत नव्हतं. वर आलो तोवर तुम्ही दोघी भांडत होता. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मालकानं तुला घरी बसवलं. मग सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं. तेव्हा दुकान नव्हतं माझं. मग म्हटलं, एक महिन्यानं सांगू. मग वर्ष झालं. एवढं साचल्यावर तोंड उघडायला जागाच राहिली नाही, ताई."

आई उठली. तिचा चेहरा असा झाला होता की ठिणगी मध्ये जायला निघाली. पण मावशीनं आईच्या साडीचा काठ धरून तिला परत खाली बसवलं.

"थांब. हे माझं आहे," ती म्हणाली. मग मामाकडे न बघता बोलली. "दर महिन्याला माझ्याकडे यायचास. पंखा दुरुस्त करायला. माझा पंखा कधी बिघडलेला नसायचा. तू उघडायचास, पुसायचास, परत लावायचास. मला वाटायचं, याला बायको घरात थारा देत नाही."

मामा वाकला, आपली हत्यारांची पेटी उघडली, आणि तिच्यातून दोन चौकोनी डबे काढून ठिणगीपुढं ठेवले. कंडेन्सर होते.

"तुझा धक्का कमी पडतोय," तो म्हणाला. "हे शेजारी जोड. तुझंच बरोबर आहे. लोखंडाचं काम नाही हे." आणि तो जिना उतरून गेला.

*

खाली लॉन्ड्रीत बाबा टेबलक्लॉथांशी झुंजत होते. त्यांनी मामाच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता त्याच्या हातात एका कापडाचं टोक दिलं. दोघांनी मिळून ते ताणलं, घडी घातली. दुसरं घेतलं.

"इस्त्र्या बंद करू का?" मामानं विचारलं. "वर परत लावतील आता."

"ठिणगीनं सांगितलंय, चालू ठेवा म्हणून. तिच्या नळ्यांना म्हणे फेऱ्या मोजायला वेगळं यंत्र आहे. व्होल्टेज पडलं तरी मोजणी चुकत नाही." बाबांनी खांदे उडवले. "मला काय कळतं. मला पांढरं कळतं."

वरून गुणगुण ऐकू आली. मग ऑर्गन. मामाची घडी हातातच राहिली. आठ इस्त्र्या लाल होत होत्या, रोलर वाफ सोडत होता, आणि वरचा सूर जिथल्या तिथं उभा होता. आधी जरा खाली, मग हळूहळू वर चढत. बहुतेक ठिणगी फेऱ्या मोजायच्या पेटीचं बटण फिरवत असावी. वरून मावशीचा आवाज आला. "अजून. अजून थोडं. थांब. हा." मग आईचा. "परत फिरव. खाली ने. आता वर." आणि ऑर्गन, ज्याला उभ्या जन्मात एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारण्यापलीकडे काही येत नव्हतं, तो माणसाच्या गळ्यासारखा घसरत वर गेला. दोघी बहिणी एकदम ओरडल्या. "पुन्हा," आई म्हणाली, "पुन्हा कर." साठ वर्षांच्या बाईचा आवाज नव्हता तो.

मामा लॉन्ड्रीच्या दारात आला. समोर ट्रामचा थांबा होता. तिथं तीनजण उभे होते. एक म्हातारा, एक विद्यार्थिनी, आणि दोन जड पिशव्या घेतलेली एक बाई.

डोक्यावर खिडकीची कडी निघाल्याचा आवाज झाला. दोन्ही झडपा भिंतीवर आपटल्या. मामानं वर बघितलं. मावशी खिडकीत उभी होती, तोंड रस्त्याकडे करून, व्हायोलिन हनुवटीखाली. तिनं खाली बघितलं नाही. तिनं डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली, आणि तिच्या मागून, बरोब्बर तिच्या सुरावर, ऑर्गन आला.

विद्यार्थिनीनं मान वर केली. म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि का काढली ते न कळून हातात धरून ठेवली. पिशव्यावाल्या बाईनं आधी एक पिशवी खाली ठेवली, मग दुसरी, मग स्वतःच फुटपाथच्या कडेवर बसली. ट्राम आली, थांबली. ट्रामवाल्यानं घंटेच्या दोरीला हात घातला आणि तसाच राहू दिला. बऱ्याच वेळानं ट्राम गेली. चढलं कुणीच नव्हतं.

चाल संपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे रस्त्यावर कुणालाच ठरवता येईना. मग बाबांनीच लॉन्ड्रीच्या दारातून दोन ओले हात एकमेकांवर आपटले, आणि सगळ्यांना धीर आला.

मावशी खिडकीतून बाहेर वाकली. केस विस्कटले होते, कपाळाला घाम होता. तिनं खाली मामाला शोधलं.

"तिथं काय उभा राहिलायस?" ती म्हणाली. "ठिणगीला नळ्यांवर लक्ष ठेवायचंय. बटण फिरवायला माणूस हवाय."

"मी?"

"नाही तर कोण, अप्पा? वर ये. आणि येताना हात धू."

मामा जिन्याकडे धावला. पहिल्या वळणावर त्याच्या लक्षात आलं की हात धुवायचे राहिले, म्हणून तो परत खाली आला. धुतले. पुसायला काही सापडेना, तेव्हा बाबांनी घडी केलेला एक टेबलक्लॉथ उलगडून त्याच्या हातात दिला.